उजवीकडचं वजन

डच हार्बर, अलास्का
२८ सप्टेंबर १९८६

आर्डिस,

म्हणजे टायर मोठे घेतले ही माझी चूक, न विचारता पाठवले ही माझी चूक, आणि आता ते घासतात तीही माझीच. तुझ्या नवऱ्याने ते कसे बसवले हे मात्र कुणी विचारायचं नाही. व्हर्न रेल्वेचे रूळ बसवतो तेच बरं. रुळाला वळायचं नसतं.

तू लिहितेस, ‘जुने टायर काय वाईट होते?’ वाईट काहीच नव्हते. गेल्या मार्चमध्ये त्याच टायरांवर गाडी ओढ्याशी पोटावर बसली आणि तू चिखल तुडवत घरी गेलीस, पायाला मणभर माती घेऊन. तेव्हा एकटी होतीस. या मार्चला बाळ यायचंय आणि ते काही रस्ता वाळेपर्यंत थांबणार नाही. डांबरी रस्त्याला लागलीस की माइल्स सिटीचं हॉस्पिटल आलंच समज. मला घोर आहे तो घरापासून डांबरापर्यंतच्या पाच मैलांचा. बाबांची पिकअप गाडी आता तुझ्याकडे आहे, तिला मी दुसरं काय देणार? पाय दिले.

आता भांडण पुरे, काम ऐक. आधी कुठे घासतं ते बघ. आवाजावरून सांगू नकोस, आवाज पत्र्यातून फिरतो. सुताराचा निळा खडू कुटून पाण्यात कालव आणि चाकावरच्या मडगार्डला आतून फासून टाक. वाळू दे. मग गाडी सपाटीवर पूर्ण डावीकडे वळव, पूर्ण उजवीकडे वळव. मग एक चाक ओंडक्यावर चढवून परत तेच. जिथला निळा पुसला जाईल तिथे टायर लागतो. तिथलाच पत्रा कापायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि फट नुसती असून भागत नाही, बोट जाईल एवढी हवी. आपल्याकडची माती त्या फटीत भरली की सिमेंट होते आणि चाक जागच्या जागी धरते. व्हर्नला सांग, आधी खडू, मग ग्राइंडर. तो उलटं करील.

फोन करू नकोस. इथे एका फोनला चाळीस माणसं रांगेत असतात, आणि तिकडे तुमच्या सामायिक लाइनीवर आठ घरांचे कान. मी काय जेवलो ते मिसेस ऑल्सरुडला तुझ्याआधी कळतं.

खेकड्यांचा हंगाम लागलाय. दिवसभर पाय मोडतो, खेकड्यांचे. हाताचा वास जात नाही. या कारखान्यात मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही, बोटीवर जावं म्हणतो.

लायल


रँच, १५ ऑक्टोबर

लायल,

व्हर्नने तुझं पत्र वाचलं आणि म्हणाला, “तुझ्या भावाला सांग, रुळालाही वळण असतं. घर सोडून पळालेल्याला दिसत नाही एवढंच.” हे त्याचं झालं. माझं हे, की बोटीवर जाऊ नकोस. एका वर्षात एवढं पुरे.

खडू लावला. दोन्ही बाजूंना बंपरच्या कोपऱ्याशी लागत होतं, तेवढं कापून टाकलं. आधी खडू, मग ग्राइंडर, मी उभी राहून करून घेतलं. अंगणात आता कसंही वळवा, ओंडक्यावर चढवा, सगळीकडे बोट जातं.

पण परवा गावातून सामान घेऊन येताना ओढ्याच्या वळणावर परत घासला. पुढचा उजवा. मडगार्डच्या मागच्या कडेला. अंगणात येऊन बघते तर तिथला निळा पुसलेला, तळहाताएवढा. मी तिथेच स्टीअरिंग पूर्ण वळवून खाली वाकून बघितलं, तर टायर त्या जागेपासून बोटभर लांब. मग कशाने पुसला?

आणि एक. जाताना त्याच वळणावर कधी आवाज होत नाही. येतानाच होतो.

टायरच्या बाजूवर रेघ उमटलीय. व्हर्न म्हणतो, रबर आहे, मेलेलं नाही, भरून येईल. हा माणूस बाप होणार आहे.

आर्डिस


डच हार्बर, २ नोव्हेंबर

आर्डिस,

यात नवल काही नाही. येताना ते वळण डावीकडचं. डावीकडे वळलं की गाडीचं अंग उजवीकडे झुकतं, आणि उजव्या चाकाची मागची कड बाहेर येते. जाताना सगळं उलट. म्हणून येतानाच घासतं. तुला शाळेत जायचं बक्षीस मिळालं होतं ना, मला वर्गाबाहेर उभं राहायचं. बघ कोण काय शिकलं.

तरी झुकून झुकून बोटभर झुकावी हे जरा जास्तच होतंय. उजव्या स्प्रिंगच्या कमानीचा एखादा पाटा तडकलाय का बघ. पाटे एकमेकांवर घट्ट धरणारे बोल्ट सैल आहेत का बघ. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लाव, सपाटीवर. उजवी बाजू कमी भरली तर कमान दमलीय.

सगळं ठीक निघालं तर एक करून बघ. घरून नीघ, ओढा ओलांड, आणि फाटकाच्या अलीकडेच गाडी फिरवून परत ये. म्हणजे तेच वळण, तीच डावी बाजू, पण गावचं सामान नाही, काही नाही. घासलं तर दोष गाडीत. नाही घासलं तर तू सामान उजवीकडे रचतेस, आणि मी तुझ्यावर हसणार.

टायरची रेघ भरून येत नाही. रबराची बाजू एकदा दोऱ्यापर्यंत चिरली की ती फुटते, आणि फुटते ती नेमकी नको तिथे. तू एकटी, मार्च महिना, पोटात कळा, आणि ओढ्याशी सपाट टायर. हे मला झोपेत दिसतं. म्हणून चेष्टा करतो.

लायल


रँच, २३ नोव्हेंबर

लायल,

पाटे शाबूत आहेत. बोल्ट घट्ट आहेत, व्हर्नने पाना लावून लटकून बघितलं. टेप दोन्हीकडे सारखीच भरते.

तू सांगितलंस तसं केलं. फाटकाच्या अलीकडे गाडी फिरवून परत आले. नाही घासलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. खडूवर माशी बसल्याची खूण नाही. मी मनात म्हटलं, लायल हसणार.

मग म्हटलं आलोच आहोत तर पुरतं बघू. तिसऱ्या वेळी फाटकातून बाहेर गेले. उतरून फाटकाची तार सोडली, गाडी बाहेर काढली, फिरवली, आत घेतली, परत उतरून तार लावली. ‘उजवीकडे बसेल तो फाटक उघडेल’ हा बाबांचा कायदा, पण मी स्टीअरिंगवर आणि उजवीकडे रिकामं, म्हणून सगळं मलाच. सामान काही नव्हतं. एक रिकामी पिशवीसुद्धा नव्हती. ओढ्याच्या वळणावर घासला. जळक्या रबराचा वास आत आला.

अंगणात आल्यावर मी लगेच उतरले नाही. गाडी उजवीकडे जरा बसलीय असं वाटत होतं, सीटची उशी तिकडे उतरती. टेप आणायला घरात गेले. परत आले तर दोन्ही बाजू सारख्या.

त्या बर्फाच्या वादळानंतर बाबा कुठे सापडले ते तुला माहीत आहे. फाटकाच्या आत, गाडीपासून हाकेच्या अंतरावर. मी काही म्हणत नाही. तू काय समजायचं ते समज.

व्हर्नला यातलं तिसऱ्या वेळचं सांगितलेलं नाही.

आर्डिस


डच हार्बर, १० डिसेंबर

आर्डिस,

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस खेकडे सोलले. माझ्या वरच्या बंकवर रॅमोन म्हणून एक फिलिपिनो आहे. त्याला विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का. तो म्हणाला, “आमच्याकडे मेलेला माणूस चालत येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं.” एवढं बोलून तो झोपला. मी जागाच.

बाबा असतील तर असू देत. मला त्यांचा राग होता तो याच्यासाठी, की वादळात गाडी सोडायची नाही हे त्यांनीच आपल्याला चड्डीत असल्यापासून शिकवलं. गाडीत थांब, इंजिन मधून मधून चालू ठेव, सकाळी कुणीतरी येईल. आणि स्वतः टाकी अर्धी भरलेली असताना उतरून चालायला लागले. मी मातीला आलो तेव्हाही हेच मनात होतं. मग मी इथे निघून आलो. आता ते फाटकाशी उभे असतील, आणि तू त्यांना घरी आणत असशील, तर मला तुझ्याकडे बघून काही बोलायचं तोंड नाही.

पण मला पक्कं करून हवंय. वजन म्हटलं की ते मोजता येतं. खुराकाची पन्नास पौंडांची पोती उजव्या सीटवर ठेवा. फाटकाच्या अलीकडून फिरून तेच वळण घ्या, आणि एकेक पोतं वाढवत जा. कितव्या पोत्याला निळा तेवढाच पुसतो ते कळव. बाबा बूट घालून दीडशे पौंड होते. तीन पोत्यांना पुसला तर मी यापुढे काही विचारणार नाही. पोती व्हर्नने उचलायची, तू नाही. त्याला सगळं सांग.

लायल


रँच, ४ जानेवारी १९८७

लायल,

व्हर्नला सगळं सांगितलं. तो कोट चढवत म्हणाला, “चला, सासऱ्यांना पोत्यात भरून तोलू या. जिवंतपणी कधी तोलू दिलं नाही त्यांनी.”

तो गाडी चालवत होता, मी मागून त्याच्या गाडीने. एक पोतं, काही नाही. दोन, काही नाही. तीन ठेवली तेव्हा त्याने विनोद थांबवला. वळण घेतलं, उतरला, टॉर्च घेऊन चाकाखाली वाकला. खडू जसाच्या तसा.

“नाही लागत,” म्हणाला.

“परत घे.”

“अगं, नाही लागत. नखभर जागा आहे अजून.”

चौथ्या पोत्याला टोकाशी जरासा पुसला. तळहाताएवढा पुसायला चार पोती आणि वर मिठाची अर्धी गोणी लागली. सव्वादोनशे पौंड. व्हर्नने त्या मिठावर बसून हातमोजे काढले. मग म्हणाला, “मग हा कोण?”

आता तुला एक सांगते. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू मातीला आलास तेव्हा आधीच एवढा चिडलेला होतास, आणि फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतं. शेरीफच्या माणसाला गाडी सापडली तेव्हा उजवं दार उघडं होतं. डावं बंद. उजवीकडे काचेखाली थर्मासचं झाकण ठेवलेलं, त्यात ओतलेली कॉफी, गोठून दगड. बाबा झाकणात ओतून कधी प्यायले का? बाटलीच तोंडाला लावायचे, आईने किती वेळा टोकलं.

मला वाटलं होतं, थंडीने भ्रम झाला असेल, माणसं असं काहीबाही करतात. आता तसं वाटत नाही. रस्त्यावर कुणी चालताना दिसलं की बाबा थांबायचेच, सावकार असो की चोर असो. त्यांनी कुणाला तरी गाडीत घेतलं होतं. तो फाटकाशी उतरला. उजवीकडे बसला होता म्हणून तार लावायला उतरला असेल. आणि परत आला नाही. बाबांनी गाडी सोडली ती त्याला शोधायला.

दुसरं कुणी सापडलं नाही. आजूबाजूच्या कुठल्याच घरातला कुणी हरवलेला नाही.

आर्डिस


डच हार्बर, १९ जानेवारी

आर्डिस,

हे वाचलंस की लगेच जुने टायर चढव. उजव्या दाराला कुलूप लाव. फाटक उघडं टाकून दे, गुरं गेली तर गेली, पण तिथे थांबू नकोस, उतरू तर नकोसच. त्याहून बरं म्हणजे माइल्स सिटीला व्हर्नच्या बहिणीकडे जाऊन राहा, बाळ होईपर्यंत. बाबांना ज्याने गाडीतून काढलं त्याला तू रोज शेजारी बसवतेस आणि मला पत्रातून आकडे कळवतेस.

मी बाबा समजून बोललो होतो. ते सगळं मागे घेतो.

लायल


रँच, ८ फेब्रुवारी

लायल,

आधी तुझ्या हुकमांची उत्तरं.

माझ्याकडे साठ गाई आहेत आणि त्यातल्या निम्म्या या महिन्यात व्यायच्या आहेत. व्हर्न शनिवारी येतो, सोमवारी जातो. मी जाऊन राहायचं तर त्यांचं बाळंतपण मिसेस ऑल्सरुडने फोनवरून करायचं का? फाटकापलीकडे ऑल्सरुडचे वळू मोकळे आहेत. ते फाटक उघडं राहणार नाही.

उजव्या दाराचं कुलूप म्हणशील तर ते दार नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून बर्फाने धरलंय, आतूनही उघडत नाही, बाहेरूनही नाही. तो दारातून येत नाही.

जुने टायर चढवले. शनिवारी दोघं गावाला जाऊन आलो. येताना फाटकाशी व्हर्न माझ्या बाजूच्या दाराने उतरला, तार लावून मागे हौद्यात चढला, उजवीकडे बसायची त्याची तयारी नव्हती. वळणावर काही घासलं नाही. छान. अंगणात आल्यावर मी आत बसून राहिले आणि व्हर्नने उडी मारून लगेच टेप लावली. उजवी बाजू पाऊण इंच खाली. तो टेप धरून वाकलेला असतानाच ती हळूच वर आली, आपण नुसतं उठून नाही का उभे राहत, तशी. व्हर्नने टेप तिथेच टाकली. अजून तिथेच बर्फात आहे.

कळलं का तुला? जुन्या टायरांवरही तो बसत होता. बाबांना नेल्यानंतर गाडी मी चालवायला लागले, तेव्हापासून बसत असेल. काही लागत नव्हतं म्हणून कळत नव्हतं. तू मोठे टायर पाठवलेस आणि फट कमी झाली, एवढाच फरक. लहान टायर लावून तो जाणार नाही, मला कळायचं थांबेल. ते मला नको. मोठे परत चढवले.

मला त्याची भीती वाटते का विचारशील, तर शेजारी असतो तेव्हा नाही. हीटर चालू केला की त्या बाजूची काच जरा जास्त धुकते, एवढंच. भीती वाटते ती व्हर्न काल म्हणाला त्याची. बटाटे सोलत होता. मध्येच थांबून म्हणाला, “फाटकाच्या अलीकडूनच फिरलं तर घासत नाही ना? म्हणजे तो आत येतो, बाहेर जात नाही. आणि दर खेपेला फाटकाशी एक असतोच. मग आतापर्यंत इकडे किती झाले?”

मी त्याला गप्प केलं. मग मनात खेपा मोजायला लागले, आणि मोजणं सोडून दिलं.

टायरची रेघ आता नख जाईल एवढी खोल झालीय. हे खरं संकट. मार्चपर्यंत तो टिकेल का एवढंच सांग, बाकी राहू दे.

आर्डिस


डच हार्बर, २४ फेब्रुवारी

आर्डिस,

उजवा पुढचा टायर मागे घे, मागचा चांगला पुढे लाव. चिरलेली बाजू आतल्या अंगाला येईल असं बघ. तोवर जमेल तेवढं कमी जा-ये कर. मार्चला जाताना तरी पुरेल. येतानाचं मला सुचत नाही.

लायल


रँच, २२ मार्च

लायल,

मुलगी झाली. सिगरिड. केस काळे, आवाज तुझा.

कळा दुपारी सुरू झाल्या आणि नशीब म्हणजे रविवार होता, व्हर्न घरी होता. बर्फ वितळून रस्त्याची खीर झालेली. ओढ्याशी गेल्या वर्षी जिथे गाडी बसली होती तिथे बंपरपर्यंत पाणी. व्हर्न म्हणाला, “धरून बस,” आणि गाडी त्यातून म्हशीसारखी निघाली. फटीत माती भरत होती पण चाक फिरत राहिलं. तुझ्या टायरांनी नेलं आम्हाला, हे मी मिसेस ऑल्सरुडलाही सांगितलंय, म्हणजे सगळ्यांना कळलं असेल. जाताना घासलं नाही.

येतानाचं सांगते. डांबर सोडल्यापासून सिगरिड रडत होती, टाळू दिसेपर्यंत तोंड उघडून. मी उजवीकडे, ती मांडीवर. फाटकाशी व्हर्न म्हणाला, “आज बाईसाहेबांना कायदा माफ,” आणि स्वतः उतरला. गाडी आत घेतली, परत तार लावायला गेला. वारा होता. बारीक बर्फ आडवं येत होतं. मी मागे वळून बघितलं नाही. बाळाला घेऊन मधे सरकले आणि खिडकीची जागा सोडली.

का ते विचारू नकोस. असल्या हवेत कुणालाही चालत सोडायचं नाही हे आपल्या अंगात आहे, त्यात नाव-गाव विचारायची पद्धत नाही. आणि मी सरकले नसते तर तो कुठे बसला असता, हा विचार मला करवेना.

सीटची उशी त्या बाजूला खाली गेली, मी थोडी तिकडे कलंडले. दार उघडलं नाही. ओल्या लोकरीचा वास आला. सिगरिडने मान तिकडे केली आणि रडायची थांबली. नवजात मुलाला दिसत नाही म्हणतात. ती काहीतरी बघत होती, शेजारी बसलेल्या पुरुषाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर.

व्हर्न चढला. आमच्याकडे बघितलं, मी मधे का सरकले ते त्याला कळलं. त्याने मैलभर गाडी पहिल्याच गिअरमध्ये चालवली. तरी वळणावर घासलंच. धूर आला. घरी येऊन बघितलं तर पुढे लावलेला टायरही चिरलाय, पांढरे दोरे दिसतात. व्हर्न म्हणतो अजून एक फेरी झाली तर फुटेल, आणि फुटेल ती येताना, आणि सिगरिडला पुढच्या महिन्यात डॉक्टरला दाखवायला न्यायचीच आहे.

काय करायचं ते सांग. तो बसूच नये असला काही उपाय सांगणार असशील तर मात्र लिहू नकोस.

आर्डिस


डच हार्बर, ९ एप्रिल

आर्डिस,

सिगरिडच्या बापाचं अभिनंदन कर, आणि टेप बर्फातून काढ म्हणावं, लागणार आहे.

आपण पहिल्यापासून गाडी चुकीची मोजली. सगळे तशीच मोजतात, रिकामी, सपाटीवर, उजवीकडे कुणी नाही असं धरून. मग त्या फटीवर खूष होतात. गाडी ज्या ओझ्यावर चालणार ते ओझं घालूनच फट बघायची असते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. सव्वादोनशे पौंड मी धरले नाहीत. टायर त्याच्यामुळे चिरला नाही, माझ्यामुळे चिरला.

आता मडगार्ड आणखी कापू नका. उजव्या कमानीत वरून दुसरा एक जाड पाटा वाढवा. फक्त उजव्या. बोल्ट लांब लागतील, जुने पुरणार नाहीत. पाटा घातला की रिकामी गाडी उजवीकडे बोटभर वर दिसेल, आणि गावात कुणीतरी व्हर्नला विचारील की बाबा रे, लंगडी का झाली. त्याने म्हणावं, आम्हाला अशीच आवडते. पक्कं करायला चार पोती आणि मिठाची अर्धी गोणी उजवीकडे ठेवून टेप लावा. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. मग पोती काढून घ्या. जाताना गाडी वाकडी जाईल, येताना सरळ येईल. आता आवाज होणार नाही. तो आहे की नाही ते तुला कळायला हवं असेल, तर गाडी सरळ आहे का एवढं बघ.

फाटकाशी घाई करू नकोस. त्याला चढायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत नाही. अंगणात पोचलीस की आधी तू उतर आणि बाळाला घेऊन सरळ घरात जा, मागे वळून तो कुठे जातो ते बघू नकोस. व्हर्नने मोजलेलं तू मोजू नकोस. ते जितके असतील तितके असोत, अजून कुणी दार वाजवलेलं नाही ना?

कारखान्याचा हंगाम संपला की मी येतो. मेमध्ये. बोटीचं राहू दे. फाटकापर्यंत मी उजवीकडे बसेन, उतरून तार सोडीन आणि लावीन, आणि तिथून पुढे मागे हौद्यात बसून येईन. बाबांना ज्याच्यासाठी उतरावं लागलं तो कसा बसतो ते मला मागच्या काचेतून एकदा बघायचंय. नाही दिसला तरी चालेल.

चांगल्या दोन टायरांचे एकशे ऐंशी, पाट्याचे पंचेचाळीस, लांब बोल्टांचे पंधरा, आणि सिगरिडला माझ्याकडून दहा. सगळे मिळून अडीचशे डॉलर पाठवतोय.

लायल